पोत्यावरचा गाळलेला मजकूर

मार्गशीर्षाची थंडी पडली, की पुंडलिकनगरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या फडताळात, पैठण तालुक्यातून आत्याच्या घरून आलेली तुपाची बरणी दगडासारखी गोठून जाई, आणि तिच्यातले तूप काढताना चमचा वाकू नये म्हणून ती आधी गरम पाण्याच्या पातेल्यात घटकाभर ठेवावी लागे. जाड रव्याचे, पांढरेशुभ्र, जिभेवर कण विरघळताना जाणवणारे ते म्हशीचे तूप आमच्या इतक्या वर्षांच्या परिचयाचे होते, की तूप म्हणजे असेच असावयाचे, अशी घरातल्या सर्वांची समजूत होऊन गेली होती. यंदाची बरणी मात्र त्याच थंडीत, त्याच फडताळात, वर बोटभर पातळ तेलकट थर आणि खाली बारीक कणांचा सैल गोळा अशा अवस्थेत राहिली. भेसळीची शंका घेण्याचे कारण नव्हते. ज्या हातांनी ते लोणी कढवले ते हात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणून फोनवर सरळच विचारले, "आत्या, यंदा तूप असं सैल कसं?"

"म्हशी त्याच, कढवणं बी तेच," आत्या म्हणाली. "सरकी तेवढी बंद केली बाबा. परवडती कुठं आता सरकी! पोत्यातली गोळी पेंड घालतो. तिच्यात काय असतंय, ते आपल्याला काय ठावं?"

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. जी बाई कडब्याच्या पेंढीला हात लावून ती कोणत्या रानातली हे सांगते, आणि म्हशीच्या रवंथाच्या लयीवरून तिच्या पोटाचे दुखणे ओळखते, ती रोज दोन वेळा आपल्या हाताने आंबोण कालवते, आणि त्या आंबोणातला सर्वांत कसदार अंश कोठून आला हे मात्र तिला ठाऊक नसते. यात तिचा कसूर काहीच नाही. मागच्या पंधरवड्यात गावी गेलो तेव्हा गोठ्यातल्या दिव्याखाली ते रिकामे पोते मी उलटसुलट करून वाचले. प्रथिने किमान इतके टक्के, मेद किमान इतके टक्के, तंतू कमाल इतके, राख, ओलावा, निव्वळ वजन, असा सारा तपशील त्यावर होता. मेद होता, त्याचे प्रमाण होते. परंतु तो मेद सरकीचा, की भाताच्या कोंड्याचा, की समुद्रापलीकडून आलेल्या पामचा, की कोणत्या कढईतून उतरलेला, याविषयी एक अक्षर नव्हते. खरेदीखतात जमिनीचे क्षेत्र लिहावे आणि चतुःसीमा गाळाव्या, तसा तो मजकूर होता.

माझे म्हणणे मी येथेच सांगून टाकतो. जनावराच्या, कोंबडीच्या आणि माशाच्या खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर मेदाच्या टक्केवारीशेजारी त्या मेदाचे उगमस्थान छापण्याची सक्ती कायद्याने व्हावी. ही मागणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ती किरकोळ का नाही, हे समजण्यासाठी प्रथम आपल्याच मुलखाच्या तुपाचा इतिहास पाहावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या खोऱ्यातून लोहमार्ग गेला, त्याच्या कडेने जालना, सेलू, परभणी येथे कापसाचे जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, आणि रुई गासड्यांत बांधून बाहेर गेल्यावर मागे उरलेली सरकी मराठवाड्यातल्या गव्हाणींत उतरू लागली. दुभत्या म्हशीला रात्री भिजवलेली सरकी सकाळी धारेच्या वेळी घालावयाची, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिचा परिणाम असा झाला, की या मुलखाचे तूप उर्वरित देशाच्या तुपाहून रसायनदृष्ट्या वेगळे पडले. तूप शुद्ध की अशुद्ध हे ठरवण्यासाठी ज्या कसोट्या लावतात, त्यांपैकी एक म्हणजे रायशर्ट-मायसल अंक, ज्याला दुग्धशाळांत नुसते 'आर. एम.' म्हणतात. दुधाच्या मेदात ब्युटिरिकसारखी जी लहान साखळीची, वाफेबरोबर उडून जाणारी मेदाम्ले असतात आणि जी वनस्पतिजन्य तेलांत जवळजवळ नसतातच, त्यांचे माप हा अंक देतो. तो खाली गेला, की तुपात तेल मिसळले असावे असा संशय येतो. आता सरकी खाल्लेल्या म्हशीच्या अस्सल तुपाचाही हा अंक खालीच असतो. तेव्हा कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे घरचे तूप प्रयोगशाळेत भेसळीचे ठरावे आणि त्याच्यावर खटला व्हावा, असा अनवस्था प्रसंग उद्भवला असता.

तो टळला, कारण कायद्याने वास्तव मान्य केले. अॅगमार्कच्या प्रतवारीत सर्वसाधारण तुपासाठी हा अंक किमान २८ ठेवला, परंतु कापूसपट्ट्यातल्या तुपासाठी हिवाळ्यात २३ आणि उन्हाळ्यात २१ इतकी सवलत दिली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांतही कापूसपट्टा म्हणजे काय याची व्याख्या केली गेली: जेथे गुरांना सरकी मोठ्या प्रमाणावर चारली जाते असा, राज्यशासनाने अधिसूचित केलेला प्रदेश. या व्याख्येकडे मी वारंवार आदराने पाहत आलो आहे. गव्हाणीत काय पडते यावरून बरणीत काय निघते हे ठरते, ही गोष्ट ज्यांनी कायद्याच्या कलमात बसवली, त्यांना गोठाही ठाऊक होता आणि प्रयोगशाळाही.

हे घडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. गाय-म्हैस जे तेल खाते ते जसेच्या तसे तिच्या दुधात उतरत नाही. तिच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात; त्यांना असंपृक्त मेदाम्ले सोसत नाहीत, म्हणून ते त्यांना हायड्रोजन जोडून बव्हंशी संपृक्त करून टाकतात. वनस्पती तूप करण्यासाठी कारखान्यात जी क्रिया उष्णता, दाब आणि निकेल यांच्या साहाय्याने करावी लागते, ती म्हशीच्या पोटात शरीराच्या उबेवर अहोरात्र चालू असते. खाद्यातली अठरा कर्बांची लांब साखळीची मेदाम्ले अशा रीतीने रक्तात आली, की कास स्वतः जी लहान साखळीची मेदाम्ले घडवते त्यांची घडण मंदावते, आणि आर. एम. अंक उतरतो तो यामुळे. सरकीची आणखी एक खोड आहे. तिच्या तेलात मॅल्व्हॅलिक आणि स्टर्क्युलिक नावाची दोन विलक्षण मेदाम्ले अल्प प्रमाणात असतात. स्टिअरिक आम्लाचे ओलेइक आम्लात रूपांतर करणाऱ्या विकराला ती अडवून धरतात, त्यामुळे दुधाच्या मेदात स्टिअरिकचा भरणा होतो, तुपाचा वितळणबिंदू चढतो आणि रवा जाड पडतो. आमच्या बरणीतला चमचा जो वाकत असे, त्याचे कारण या दोन आम्लांत होते. इतकेच नव्हे, तर सरकीचे तेल ओळखण्यासाठी असलेली हाल्फेन कसोटीदेखील सरकी खाल्लेल्या म्हशीच्या निर्भेळ तुपात लाली दाखवू शकते. गुराच्या आहाराची माहिती हाती नसेल, तर तज्ज्ञही फसावा, असा हा प्रकार आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात तिरुपतीच्या लाडवांच्या तुपावरून देशभर जो क्षोभ उसळला, त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु ज्या प्रयोगशाळेच्या अहवालावर तो सारा वाद उभा राहिला, त्याच अहवालाला जोडलेल्या टीपेत असे नमूद होते, की गायींना सरकी, मोहरी किंवा पामचे तेल मोठ्या प्रमाणात चारलेले असल्यास, अथवा त्यांची उपासमार झालेली असल्यास, ही चाचणी शुद्ध तुपालाही अशुद्ध ठरवू शकते. लक्षावधी लोकांच्या श्रद्धेला ज्या प्रश्नाने घायाळ केले, त्याचे एक टोक अशा रीतीने गव्हाणीत रुतलेले होते. ज्या देशात कोणत्या गुराने कोणता मेद खाल्ला याची कोठेच नोंद नाही, तेथे या टीपेचा निकाल कोणी आणि कशाच्या आधारे लावावा?

आत्याकडे परत येतो. तिने सरकी सोडली ती हौसेने सोडली नाही. सरकी पेंडीचे वायदे अकोल्याच्या नावाने होतात, आणि तेथला आकडा हलला की पैठणच्या पेंडवाल्याचा भाव हलतो. पूर्वी आमच्या रानात करडई होती, बांधाच्या कडेने जवस होता, पाटीभर तीळ निघत असे, आणि गावातल्या घाण्यावरून तेलाबरोबर पेंडही घरीच येई. ती पेंड कोणाची, हे विचारण्याची गरज पडत नसे. करडई आणि जवस गेले, सोयाबीन आले, त्याचे तेल कारखान्यात द्रावकाने इतके निपटून काढले जाते, की उरलेल्या 'डीओसी' नावाच्या पेंडीत प्रथिने भरपूर, मेद मात्र एक टक्क्याच्या आतबाहेर राहतो. मग खाद्यात मेद हवा असेल तर तो बाहेरून मिसळावा लागतो. तो बाहेरचा मेद हाच माझ्या चिंतेचा विषय आहे.

मेद मिसळणे हे स्वतः वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. नुकतीच व्यालेली जातिवंत म्हैस जितके दूध देते तितके अन्न तिच्या पोटात मावत नाही. ती स्वतःच्या अंगावरची चरबी झिजवून धार भरते आणि हाडांचा सांगाडा होते. प्रथिने किंवा पिठूळ पदार्थ यांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मेदात असते, म्हणून अशा वेळी मेद हा तिला आधार असतो. परंतु नुसते तेल पाजले, तर कोठीपोटातले तंतू पचवणारे जीव मंदावतात, कडबा पचत नाही, आणि डेअरीच्या पावतीवर फॅट वाढण्याऐवजी तुटते; अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. यावर अमेरिकेत ओहायो येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात उपाय काढला: मेदाम्लांना चुन्याच्या अंशाशी बांधून असा क्षार करावयाचा, की तो कोठीपोटातून न विरघळता पुढे सरकावा आणि आतड्यात मोकळा व्हावा. आपल्याकडे 'बायपास फॅट' म्हणून जे विकले जाते ते हेच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणि कर्नालच्या दुग्धसंशोधन संस्थेने त्याचा प्रसार केला, आणि व्यालेल्या जनावराला दिवसाला शंभर-दोनशे ग्रॅम घातल्यास त्याचा उपयोग होतो, याविषयी माझे दुमत नाही. मात्र त्याचा कच्चा माल बव्हंशी पामचा, आणि पामचा मुख्य अंश पामिटिक आम्लाचा. तो दुधात उतरतो. २०२१ च्या फेब्रुवारीत कॅनडात घरोघरी लोणी खोलीच्या उबेतही मऊ होईना अशी तक्रार उठली, तेव्हा तेथल्या दुग्धोत्पादकांच्या संघाने आपल्या सभासदांना पामचा पर्याय शोधण्यास सुचवले. पुढे तज्ज्ञांच्या गटाला या दोहोंचा संबंध जोडणारा पक्का पुरावा मिळाला नाही. परंतु मला त्या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हे, की तेथे पाव आणि लोणी खाणाऱ्या सामान्य गृहिणीला आपल्या गायीने काय खाल्ले असा प्रश्न विचारता आला आणि त्याचे उत्तर देणारे कोणी होते.

गाय-म्हशीचे कोठीपोट हा निदान एक पहारेकरी आहे. कोंबडीला आणि माशाला तोही नाही. त्यांच्या पोटात जो मेद जातो तो थोड्याफार फरकाने तसाच त्यांच्या अंगात आणि अंड्यात बसतो. कोंबडीला जवस घातला, तर जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक असलेले ओमेगा-३ जातीचे मेदाम्ल बलकात येऊन पोहोचते. बाजारात 'ओमेगा-३' म्हणून महाग विकली जाणारी अंडी पुष्कळदा अशीच तयार होतात, आणि आपल्या आज्यांनी चटणीत कुटलेला जवसच त्यांत फिरून आलेला असतो. कोंबडीला मासळीची कुटी अधिक झाली, तर अंड्याला वास येतो. तिला सरकीची पेंड अधिक झाली, तर गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि त्याच दोन विलक्षण आम्लांमुळे पांढरे गुलाबी होते. म्हशीच्या तुपाला रवा देणारी सरकी कोंबडीच्या अंड्याला विटाळते. वैशाखात आमच्या जिल्ह्यात पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा कुक्कुटपालक खाद्यात तेलाचा अंश वाढवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण मेद पचवताना पक्ष्याच्या शरीरात इतर अन्नाहून कमी उष्णता उत्पन्न होते. परंतु ते तेल खवट असेल, तर त्याबरोबर ई जीवनसत्त्वाचा नाश होतो, आणि पिलांचा मेंदू असा बिघडतो, की त्यांच्या माना मागे वळतात, पाय लटपटतात, आणि ती कुशीवर पडून तडफडतात. गारखेड्यापलीकडच्या एका शेडात मी एकदा अशी पिले पाहिली. शेडचा मालक, घेतलेले कर्ज डोक्यावर असलेला तरुण, एकेक पिलू उचलून त्याची मान सरळ करून ठेवत होता आणि ती पुन्हा वळत होती. खाद्यात कोणते तेल आले होते, याचे उत्तर त्याला शेवटपर्यंत कोणी दिले नाही.

माशांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. नाथसागरातून आलेली रोहू आणि आंध्रातल्या तळ्यांतून बर्फाच्या पेट्यांत आलेली रोहू शेजारी-शेजारी चिरताना पाहावी. पहिलीचे पोट उघडले की आतडी जवळजवळ कोरडी निघतात. दुसरीच्या पोटातून विक्रेता अंगठ्याने पिवळट चरबीची लड ओढून काढतो. धरणातली रोहू पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर वाढलेली असते. तळ्यातली पोत्यांतून टांगलेल्या भाताच्या कोंड्यावर आणि पेंडीवर. आता आमच्याकडेही शेततळ्यांत मासे सोडण्याचा प्रघात पडला आहे, आणि तेथे तरंगते दाणेदार खाद्य 'अठ्ठावीस-चार' अशा नावाने मागितले जाते, म्हणजे अठ्ठावीस टक्के प्रथिने, चार टक्के मेद. त्या चाराचा धनी कोण, हे तेथेही अनुच्चारितच असते.

मासा खाल्ल्याने हृदयाचे कल्याण होते असे जे आपण ऐकतो, त्याचे श्रेय मुख्यतः ज्या दोन लांब साखळीच्या मेदाम्लांना आहे ती मासा मुळात स्वतः फारशी घडवत नाही. समुद्रातले सूक्ष्म शैवाल ती घडवते, लहान जीव ते शैवाल खातात, तारली आणि बांगडा त्या जीवांना खातात, आणि अशा परंपरेने ती आपल्या ताटात येतात. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याला साध्या मेदाम्लांपासून ती थोडीफार तयार करण्याची शक्ती असते. सागरी शिकारी माशांना ती जवळजवळ नसते. नॉर्वेतल्या पाळीव सामन माशाच्या खाद्यात १९९० साली सुमारे २४ टक्के मासळीचे तेल असे. २०१३ पर्यंत ते ११ टक्क्यांच्या घरात आले आणि त्याची जागा मोहरीवर्गीय वनस्पतीच्या तेलाने घेतली. यात समुद्रावरचा भार हलका झाला, हे खरोखर चांगले झाले. परंतु स्कॉटलंडच्या सामनची तपासणी झाली तेव्हा २००६ ते २०१५ या अवधीत त्या दोन मेदाम्लांचे प्रमाण निम्म्यावर आल्याचे आढळले. मासा तोच, रंग तोच, नाव तेच. ज्या गुणासाठी त्याला दाम मोजावयाचा तो गुण अर्धा झाला, आणि दुकानातल्या थंड काचेमागे ते कोणाला दिसण्यासारखे नव्हते.

मेद ही केवळ सरपणासारखी जाळावयाची वस्तू नव्हे, तिच्यात शरीराला अत्यावश्यक असे काही असते, हे मिनेसोटा येथे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदविरहित अन्न देऊन १९२९ साली दाखवले. त्याला आता शतक होत आले. तरीही खाद्याच्या पोत्यावर आपण अजून मेदाला सरपणाप्रमाणेच वजनाने मोजत आहोत.

आणि ज्या वेळी या मेदात विष आले, त्या वेळी काय झाले? १९५७ साली अमेरिकेत लक्षावधी कोंबड्या अंगात पाणी होऊन मेल्या. कारण पुढे सापडले ते खाद्यातल्या दूषित मेदात. १९९९ च्या आरंभी बेल्जियममध्ये खाद्यासाठी गोळा केलेल्या मेदात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधले तेल मिसळले गेले, त्यातून डायॉक्सिन आणि तत्सम विषे कोंबड्यांच्या, डुकरांच्या आणि गुरांच्या खाद्यात पसरली. अंडी उबेनात, पिले मरू लागली. मे महिन्याच्या अखेरीस गोष्ट उघडकीस आली, आरोग्य आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले आणि जूनच्या निवडणुकीत सरकार गेले. २०१०-११ च्या हिवाळ्यात जर्मनीत औद्योगिक वापराची मेदाम्ले खाद्यात शिरल्यामुळे चार हजारांहून अधिक शेतगोठ्यांवरील मालाची विक्री काही काळ थांबवावी लागली. या देशांत दप्तर चोख होते, म्हणून कोणत्या टाकीतून कोणते पिंप कोणत्या गावी गेले याचा माग निघाला. बेल्जियमच्या धक्क्यानंतर काही वर्षांत युरोपाने हॉटेलांच्या कढईतले वापरलेले तेल पशुखाद्यात घालणेच बंद केले.

आपल्या कढईचे काय? संध्याकाळी पुंडलिकनगरच्या रस्त्याने गजानन महाराजांच्या मंदिराकडे चालत जावे. वड्यांचे, भज्यांचे, तळलेल्या चिकनचे गाडे ओळीने लागलेले असतात, आणि ते चालवणारी माणसे कष्टाळू आहेत, आपल्यापैकीच आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम केला, की तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल पुन्हा वापरू नये. दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल लागणाऱ्यांनी त्याचा जमाखर्च ठेवावा असेही ठरले, आणि वापरलेल्या तेलाचे जैवइंधन करण्याची तजवीज झाली. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु गाड्यावरच्या माणसाला पन्नास लिटर लागत नाही. त्याच्याकडे उरलेल्या काळ्या तेलाचे काय होते असे मी एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ड्रमवाला येतो काका, किलोवर घेऊन जातो." पुढे ते कोठे जाते हे त्याला माहीत नव्हते. ते खाद्यात जाते असा आरोप मी करीत नाही. ते खाद्यात जात नाही असे सिद्ध करणारा कागद कोठेच नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

गाळलेला मजकूर भरून काढणे अशक्य आहे काय? आपल्या कायद्याला मेदाचे कूळ नोंदवण्याची पद्धत अपरिचित नाही. वनस्पती तुपाने लोण्या-तुपाच्या बाजारात गोंधळ माजवला, तेव्हा सरकारने वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले, का, तर बॉदुइन कसोटीत तिळाची लाली उमटावी आणि तुपात वनस्पती मिसळली असल्यास ती लपून राहू नये. तिळाने स्वतः होऊन साक्ष द्यावी, अशी ती युक्ती होती. दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांसाची वा हाडांची भुकटी आणि गोवर्गीय किंवा वराहवर्गीय ऊतके नसावीत, असा नियमही आज आहे. परंतु उगम छापण्याची सक्ती नसेल, तर या नियमाचे पालन झाले की नाही हे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाने कशावरून ओळखावे? शाकाहाराचे व्रत पाळणाऱ्या घरांना तर या प्रश्नाची निकड विशेष वाटावी.

हरकती मला ठाऊक आहेत. खाद्याचे लहान कारखानदार म्हणतील, की तेलाचे भाव दर आठवड्याला बदलतात, आज कोंड्याचे तेल स्वस्त तर उद्या पामचे, तेव्हा दर खेपेला नवी छपाई कोठून करावी? या अडचणीत तथ्य आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला हुकूम दप्तरातच राहील. परंतु तारीख आणि बॅचक्रमांक ज्या शाईच्या शिक्क्याने दर खेपेला उमटतो, त्याच शिक्क्यात 'सरकी', 'कोंडा', 'पाम', 'सोया', 'मासळी', 'प्राणिज', 'मिश्र' यांपैकी एक-दोन शब्द बसवणे फारसे जड जाऊ नये. कृती गुप्त ठेवण्याचा त्यांचा हक्कही मला मान्य आहे. प्रमाण गुप्त राहू द्या, कूळ सांगा. आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, उदगीरची पशुवैद्यकीय आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालये ही आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. वर्षातून दोनदा बाजारातल्या पोत्यांचे नमुने घेऊन त्यांतल्या मेदाम्लांचे पृथक्करण प्रसिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे निधीसह सोपवले, तर शिक्क्यावरचा शब्द खरा की खोटा याचा निर्णय याच विभागात होईल.

परवा आत्याने स्वतः होऊन दुकानदाराला विचारले, की या पेंडीत तेल कशाचे आहे. त्याने पुरवठादाराला फोन लावला. पुरवठादाराने "कंपनीला विचारून सांगतो" म्हटले. त्याला आता बारा दिवस झाले. दरम्यान आत्याची थोरली म्हैस व्याली आहे. तिच्यापुरती अर्धे पोते सरकी आत्याने आणून ठेवली असून, बाकीच्या दोघींना गोळी पेंड चालू आहे, आणि तिघींचे विरजण यापुढे वेगवेगळ्या भांड्यांत लावणार असल्याचे तिने मला कळवले आहे.